दाजिबा थंडीच्या गावाला जातात

एका जंगलात, म्हणजे ज्यात अजून थोडी झाडंसुद्धा होती अशा एका जुन्या काळच्या जंगलात, दाजिबा नावाचे एक घोरपड राहत होते.

हसू नका. घोरपडींमध्येही पुरुष असतात. त्यांनाही संसार असतो, शेजार असतो आणि शेजाऱ्यांमुळे होणारा मनस्ताप असतो.

दाजिबांच्या बायकोचं नाव सगुणाबाई. दोघं एका कातळाखालच्या कपारीत राहायचे. कपार तशी लहानच. वळायचं म्हटलं तर एकानं आधी बाहेर जावं लागे. पण वरचा कातळ! असा कातळ त्या सबंध जंगलात दुसरा नव्हता. काळाभोर, सपाट, पूर्वेकडे तोंड. हिवाळ्यात सगळं जंगल दवानं भिजून कुडकुडत बसलेलं असे, तेव्हा पहिलं ऊन थेट या कातळावर उतरे आणि दुपार कलेपर्यंत तिथून हलत नसे.

तुम्हाला शाळेत शिकवलंय की घोरपडीचं रक्त हवेप्रमाणे गार आणि गरम होतं. ऊन मिळालं तर ती तुरुतुरु पळते. नाही मिळालं तर लाकडासारखी पडून राहते. शिकवलंय ना? मग माना काय डोलावता, लक्षात ठेवा. दाजिबांनाही शिकवलं होतं. त्यांनीही अशीच मान डोलावली होती.

सगुणाबाईंचे गुडघे दुखायचे. चार पाय, म्हणजे गुडघेही चार. पावसाळाभर त्या कपारीत कण्हत काढत. हिवाळा आला, की सकाळी कातळावर चढून पोट टेकवून पसरत आणि डोळे मिटून म्हणत, "अहो, वर्षभर मी या एवढ्यासाठी जगते बघा."

दाजिबा म्हणत, "हूं."

दाजिबांचं लक्ष उन्हात नसे. त्यांचं लक्ष शेजारी असे.

शेजारी साळिंदरांचं बिऱ्हाड होतं. त्यातल्या साळूबाई नवऱ्याबरोबर एकदाच कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर जाऊन आल्या होत्या. एकदाच हं. पण त्या दिवसापासून साळूबाईंशी दुसऱ्या कशाबद्दल बोलायची सोयच उरली नव्हती. कुणी शिंकलं तर त्या म्हणत, "आम्ही बर्फात होतो ना, तेव्हा ह्यांनाही अगदी अशीच शिंक आली होती." कुणाच्या घरी मयत झालं, तर भेटायला जाऊन पदर डोळ्यांना लावत आणि म्हणत, "किती गार पडलेत हो! आमच्या बर्फाचीच आठवण झाली."

आणि मग हमखास दाजिबांकडे वळून विचारत, "तुम्ही कुठे गेला नाहीत का अजून?"

या 'अजून'नं दाजिबांची झोप उडवली.

"अगं, आपणही जायचं," एका सकाळी ते म्हणाले.

"कुठे?" सगुणाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"थंडीच्या गावाला."

"का? इथे काय वाईट आहे?"

या प्रश्नाला जगात कुणाकडेच उत्तर नसतं. म्हणून दाजिबांनी ते दिलं नाही. ते तडक कोकीळशेठकडे गेले.

कोकीळशेठ 'परघर सहली' नावाचा धंदा चालवीत. म्हणजे एकाला दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं. कोकीळ घराण्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. स्वतःचं घरटं मात्र त्यांच्या सात पिढ्यांत कुणी बांधलं नव्हतं. गळा असा गोड, की नाही म्हणायला आलेला माणूससुद्धा पिशवी भरायला घरी पळे.

"उन्हाळ्यात जाता का?" कोकीळशेठ म्हणाले. "डोंगर दिसतो. तळं दिसतं. फुलं दिसतात."

"मग काय, उन्हाळ्यातच!"

"पण उन्हाळ्यात सगळेच जातात हो दाजिबा. माकडं जातात. कोल्हे जातात. सगळे जिथे जातात तिथे तुमच्यासारख्यानं जायचं? आणि महाग किती! तुम्ही हिवाळ्यात जा. ऑफ सीझन. निम्म्यात काम. चिटपाखरू नसतं तिकडे. सगळा देश तुम्हाला एकट्याला."

दाजिबांना हे फारच पटलं. निम्म्यात आणि एकट्याला. मराठी जंगलात या दोन शब्दांपुढे भलेभले पाघळतात, तिथे दाजिबांची काय कथा.

पण दाजिबा अगदीच आंधळेपणानं उडी मारणारे नव्हते. ते चौकशी करणारे होते. चौकशी पुरी झाल्यावर मग ते आंधळेपणानं उडी मारत.

नुकतेच तळ्यावर करकोचे उतरले होते. करकोचे म्हणजे त्या थंड देशाचेच मूळ रहिवासी. दर हिवाळ्यात आपल्याकडे यायचे आणि शिमगा झाला की परत जायचे. दाजिबांनी त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या जोडप्याला गाठलं. नवरा एका पायावर उभा होता. बायको दोन्ही पाय चिखलातून उचलून उचलून वैतागत होती.

"नमस्कार," दाजिबा म्हणाले. "तुमच्या गावाला हिवाळ्यात कसं काय असतं हो?"

करकोच्यानं बायकोकडे बघितलं. बायकोनं करकोच्याकडे बघितलं.

"काय की," करकोचा म्हणाला. "हिवाळ्यात आम्ही तिथे कधी नसतोच."

"तुम्ही नसता. पण बाकीचे कुणी?"

"कुणीच नसतं हो. झाडून सगळे निघतात."

आता मुलांनो, तुम्ही असता तर काय समजला असता? ज्या गावातून गाववालेच पळ काढतात, तिथे आपण जाऊ नये, असंच ना? म्हणून तुम्ही दाजिबा नाही. दाजिबा आनंदानं शेपटी आपटत घरी आले आणि म्हणाले, "सगुणा, खुद्द तिथल्या लोकांनी सांगितलं! गर्दी अजिबात नाही!"

सगुणाबाई उठून बसल्या.

"अहो, पण हिवाळ्यात इथे आपला कातळ असतो. ऊन असतं. ते सोडून थंडीत मरायला जायचं?"

"ऊन काय, पुढच्या वर्षीही येईल."

"माझे गुडघे पुढच्या वर्षी असतील का?"

दाजिबा रागावले. "बघ, एवढी तुला बाहेरची हवा दाखवायला निघालो, तर तुझं हे! साळिंदरबुवांनी बायकोला बर्फ दाखवला. मी तुला काय दाखवलं आजवर? एक कातळ?"

ते इतकं कळवळून बोलले, की सगुणाबाईंना भरून आलं. हा आपल्यासाठीच करतोय सगळं, असं त्यांना वाटलं. बायकांचं हे असंच असतं. नवऱ्याचा हट्ट कळवळून बोलला, की त्यांना तो प्रेमासारखा दिसायला लागतो. त्या हो म्हणाल्या.

मग काय, तयारी सुरू झाली. सगुणाबाईंनी वाळवी परतून तिचा चिवडा केला. मुंगळ्यांच्या अंड्यांचे लाडू वळले. खेकडे उन्हात खडखडीत वाळवले. दाजिबा म्हणाले, "अगं, तिकडे खायला मिळतं." सगुणाबाई म्हणाल्या, "मिळतं, पण आपल्यासारखं नसतं."

जंगलातला जो तो येऊन सल्ला देऊन गेला. ससा म्हणाला, कानांना जपा. दाजिबांना कान नव्हते, तरी त्यांनी कानटोपी घेतली. मोर म्हणाला, तिकडचा पाऊस म्हणजे काय असेल! आपल्याला नाचायला बोलावलं तर बघा. साळूबाई म्हणाल्या, "हिवाळ्यात? आम्ही बाई सीझनमध्ये गेलो होतो." दाजिबा छाती फुगवून म्हणाले, "आम्हाला गर्दी चालत नाही." कितीतरी वर्षांनी साळूबाईंचं तोंड बंद झालेलं जंगलानं पाहिलं. दाजिबांची सहल खरं तर तिथेच वसूल झाली होती. शहाणे असते तर तिथेच थांबले असते.

निघायच्या आदल्या दिवशी सगुणाबाई अडून बसल्या.

"घर बंद करून मी येणार नाही."

"म्हणजे?"

"घराला कुलूप नको. बंद घराला अवकळा येते. तिन्हीसांजेला कुणीतरी घरात असायला हवं. आमच्या आईनं कधी घर बंद ठेवलं नाही."

तुमच्याही घरी हे असंच ना? चार दिवस गावाला जायचं तर आधी चुलतभावाच्या मुलाला मनवायचं, बाबा रे, रात्री झोपायला तरी ये. घरात चोरण्यासारखं काही नसतं, पण घर एकटं पडतं म्हणे. दाजिबांनाही ते पटलं. ते कोकीळशेठकडे गेले.

"आम्ही नसताना घरात कुणी राहील का हो? चांगलं माणूस हवं."

कोकीळशेठचे लाल डोळे मिनिटभर मिटले. सद्गदित झाले असावेत.

"दाजिबा, दुसऱ्याच्या घरात कुणाला तरी ठेवायचं," ते म्हणाले, "हे तुम्ही मला सांगता? निर्धास्त जा."

आणि दाजिबांनी निघताना त्यांचे आभारसुद्धा मानले. फार वेळ मानले.

प्रवासाची व्यवस्था गिधाडाकडे होती. गिधाड म्हणजे वेळेचं पक्कं. उतारूंशी फार अदबीनं वागतं. कोणता उतारू पुढे उपयोगी पडेल सांगता येत नाही, असा त्याचा अनुभव. पाठीवर दाजिबा, त्यांना धरून सगुणाबाई, सगुणाबाईंना धरून चिवडा, असे ते उडाले. नद्या गेल्या, वाळवंटं गेली, पर्वत गेले. दाजिबा प्रत्येक ढगाकडे बोट करून म्हणत होते, "बघ! बघ!" सगुणाबाईंनी डोळे घट्ट मिटले होते.

आणि ते उतरले.

पाऊस पडत होता. आपल्यासारखा नव्हे. आपला पाऊस कसा, आला, झोडपलं, गेला. हा भुरभुर पडत होता, पडत होता आणि पडतच होता. वर धुकं, खाली गारठलेला चिखल. झाडांवर पान नाही. थंडी नुसती मी मी म्हणत होती. सगळीकडे सामसूम. एका खांबावर एक डोमकावळा तेवढा भिजत बसला होता.

"स्वागत," कावळा खोल आवाजात म्हणाला. "हिवाळ्यात कुणी आलेलं मी पहिल्यांदाच बघतोय. काही झालं का तुमच्या घरी?"

"छे! सहलीला आलोय," दाजिबा म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "काय काय आहे बघायला?"

कावळ्यानं पंख पसरला. "हा डावीकडे आमचा प्रसिद्ध डोंगर."

"कुठे?"

"धुक्याच्या मागे. आणि हे उजवीकडे तळं. गोठलंय. त्याच्या मधल्या बेटावर करकोच्यांची वस्ती. रिकामी आहे. आणि ही उतरायची जागा, अस्वलांची. मालक झोपलेत. वसंतात उठतील."

"वा!" दाजिबा म्हणाले. "बघितलंस सगुणा? गर्दी अजिबात..."

पुढचा शब्द आलाच नाही.

सगुणाबाईंनी वळून बघितलं. दाजिबांचं तोंड उघडंच होतं. एक पाय उचललेला होता. डोळे पुढे बघत होते, पण बघत काहीच नव्हते.

"अहो," सगुणाबाई म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का?"

त्यांनी हलवलं. दाजिबा सगळेच्या सगळे हलले, पाटासारखे. मग सगुणाबाईंच्या लक्षात आलं आणि त्या तिथेच चिखलात उभ्या राहून ढसाढसा रडल्या. "मी म्हटलं होतं," असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हटलं तरी ऐकायला कुणी नव्हतं, हे एक. आणि दुसरं, त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं.

त्यांचेही पाय जड होऊ लागले होते. पण डोकं चालत होतं. त्यांनी कानटोपी स्वतःच्या डोक्यावर ओढली, दाजिबांची शेपटी तोंडात धरली आणि ओढत ओढत त्यांना अस्वलाच्या गुहेत नेलं. आत मालक घोरत होते. प्रचंड, केसाळ, गरम. सगुणाबाईंनी नवऱ्याला अस्वलाच्या पोटाशी खुपसलं आणि स्वतः पलीकडून चिकटल्या. अस्वल श्वास सोडी तेव्हा जरा ऊब येई. श्वास घेई तेव्हा जाई.

अशी त्यांची सहल झाली. सगळी. दाजिबा लाकूड होऊन पडलेले आणि सगुणाबाई अर्ध्या जाग्या. खेकडा चघळत त्या एकाच गोष्टीचा विचार करत. आपला कातळ. या वेळी ऊन तिथे उतरलं असेल. या वेळी ऊन अगदी मधोमध आलं असेल. एकदा घरी पोचून ह्यांना त्या उन्हात टाकलं, की हे उठतील. बास, आणखी काही नको.

न्यायला गिधाड आलं, तेव्हा त्यानं दाजिबांना चोचीनं हलकेच टोचून बघितलं.

"बाई, हे परत न्यायचेत," त्यानं फार अदबीनं विचारलं, "की इथेच काही व्यवस्था करू?"

"खबरदार!" सगुणाबाई ओरडल्या. "एक डोळा उघडा आहे त्यांचा अजून!"

गिधाडानं सुस्कारा टाकला आणि पाठ वाकवली.

सकाळी सकाळी गिधाडानं त्यांना घरापाशी सोडलं. हवा स्वच्छ होती. झाडांखाली दव होतं, गारठा होता आणि समोर कातळावर पिवळं धमक ऊन पडलं होतं. सगुणाबाईंना वाटलं, देव भेटला.

मग त्यांनी नीट बघितलं. कातळावर करकोचे होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका पायावर, पंख पसरून, दाटीवाटीनं. तेच ते वडीलधारं जोडपं पुढे, मागे त्यांचे नातेवाईक. कपारीत कुणाची तरी पिसं वाळत होती.

"हे काय?" सगुणाबाई म्हणाल्या. "कोण तुम्ही? उतरा खाली!"

"हळू बोला," करकोचीण म्हणाली. "आमची मंडळी ऊन खातायत."

तेवढ्यात कोकीळशेठ फांदीवर येऊन बसलेच.

"अरे वा, आलात? घर बघा, एक दिवस एकटं पडू दिलं नाही," ते म्हणाले. "तळ्यातल्या चिखलाला कंटाळले होते बिचारे. तुमच्याच शब्दावर ठेवलेत. चांगली माणसं."

"पण आता आम्ही आलो ना!"

"ते आलंच. पण ह्यांचं शिमग्यापर्यंत ठरलंय. सीझन आहे बाई आपल्याकडे सध्या." आवाज इतका मधुर, की सगुणाबाईंना त्याच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला. घोरपडीला ते अशक्य नसतं. पण कोकीळशेठ नेहमी उंच फांदीवरच बसत.

दुसरं ऊन नव्हतं. म्हणजे होतं, तळ्यापलीकडच्या दगडावर. पण तिथे मगर झोपे आणि तिला सोबत जेवणापुरतीच आवडे. दाजिबांचं पोट आता दगडासारखं गार लागत होतं. तो एक डोळासुद्धा हळूहळू झाकत आला होता. आज ऊन मिळालं नाही तर हे जातील, हे सगुणाबाईंना स्वच्छ कळलं.

त्या खरं बोलल्या. कळवळून बोलल्या.

"अहो, पाया पडते. तुमच्या गावाला जाऊन आलो आम्ही. फार भयंकर थंडी. काही दिसत नाही, काही उघडं नाही, दिवसरात्र पाऊस. हे पहिल्याच दिवशी असे झाले. मरता मरता आणलंय त्यांना. जरा ऊन द्या. अर्धा कातळ द्या. नाहीतर एक कोपरा तरी."

करकोच्यांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांचे डोळे पाणावले.

"अगंबाई, किती हाल झाले तुमचे!" करकोचीण म्हणाली.

"चिखल बरा हो त्यापेक्षा," करकोचा म्हणाला. "म्हणजे इतकं वाईट असतं तिकडे हिवाळ्यात? बरं झालं सांगितलंत. आता तर आम्ही इथून हलतच नाही."

आणि त्यांनी पंख आणखी थोडे पसरले.

सगुणाबाई खाली बसल्या. रडायचंही त्राण नव्हतं. एवढ्यात गर्दी बघून साळूबाई तुरुतुरु आल्या. काटे फुलवून, मान वाकडी करून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय मग? कशी झाली सहल?"

सगुणाबाईंनी साळूबाईंकडे बघितलं. पाहतच राहिल्या. बर्फाचं ते सगळं वर्णन त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. साळूबाई परत आल्या होत्या तेव्हा त्यांचे निम्मे काटे गळालेले होते, हे त्यांना एकदम आठवलं. आणि साळिंदरबुवा त्यानंतर वर्षभर खोकत होते.

सगुणाबाई उठल्या. कानटोपी सारखी केली.

"काय सांगू साळूबाई," त्या म्हणाल्या. "शब्द नाहीत."

"म्हणजे?"

"राहायला अस्वलांकडे होतो. मालक स्वतः रात्रंदिवस आमच्या अंगाला अंग लावून. एकदा म्हणून बिल मागितलं नाही. ह्यांना तर जागा अशी मानवली, की पहिल्या दिवसापासून उठायचं नावच काढेनात. अजूनही बघा, तंद्रीतच आहेत."

साळूबाईंनी दाजिबांकडे बघितलं. दाजिबा खरंच तंद्रीत दिसत होते.

"डोंगर?" साळूबाईंनी चिरक्या आवाजात विचारलं.

"उन्हाळ्यात काय, कुणीही बघतो डोंगर. उघडाबोडका. हिवाळ्यात तो अंगभर शालू नेसून असतो. आणि तळं! पाण्यावरून चालत जा खुशाल. बेटापर्यंत जाता येतं."

कातळावर एक पाय खाली आला. मग दुसरा.

"आमच्या बेटापर्यंत?" करकोचीण म्हणाली.

"हो, तुमच्याच. किती शांत, किती मोकळं. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल." सगुणाबाई थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दरवर्षी असंच असतं म्हणे तिथे. बरोब्बर तुम्ही निघून आलात की. तुम्हाला कुणी कधी सांगितलं नाही का?"

कातळावर चुळबुळ सुरू झाली. करकोचीण नवऱ्याकडे वळली.

"ऐकलंत?"

"अगं, आत्ताच त्या म्हणत होत्या की भयंकर..."

"त्या आधी मुद्दाम तसं म्हणाल्या! आपल्याला कळू नये म्हणून! सगळं आयुष्य दर हिवाळ्याला मला इथे चिखलात आणून उभी केलीत. आणि आपल्या स्वतःच्या घरी हे असलं सगळं चाललेलं असतं!"

"पण मला काय माहीत? आपण तिथे कधी..."

"तेच म्हणते मी! कधी नेलंत मला? हिवाळ्यात? एकदा तरी?"

मागच्या बायकाही आपापल्या नवऱ्यांकडे वळल्या. एकच कलकलाट झाला. करकोचा फांदीकडे बघून ओरडला, "कोकीळशेठ! आमच्या गावची सहल आहे का? आत्ता लगेच?"

कोकीळशेठच्या एका डोळ्यात शिमग्यापर्यंतचं नुकसान दिसत होतं. दुसऱ्या डोळ्यात नवीन गिऱ्हाईक दिसत होतं. धंद्यातलं माणूस, दुसरा डोळा जिंकला.

"तिकडे सध्या ऑफ सीझन आहे," ते मधुर आवाजात म्हणाले. "निम्म्यात करून देतो."

करकोचे उडाले. आकाशात त्यांची मोठी रांग झाली आणि उत्तरेला दिसेनाशी झाली. त्यांच्यामागोमाग, कुणाशी एक अक्षर न बोलता, साळूबाईही घरी गेल्या.

कातळ मोकळा झाला.

सगुणाबाईंनी दाजिबांना ओढून वर चढवलं आणि उन्हाच्या अगदी मधोमध पसरलं. स्वतः त्यांच्या पायाशी बसल्या. पोटाला हात लावून बघितला. गार. पुन्हा लावून बघितला. "अहो," त्या म्हणाल्या, "उठा हो. मला एकटीला इथे काय करायचंय?" ऊन चढत गेलं. कातळ तापला. मग दाजिबांच्या शेपटीचं टोक हललं. मग बोटं. मग उघडं राहिलेलं तोंड मिटलं आणि पुन्हा उघडलं.

"...नाही," दाजिबा म्हणाले.

सगुणाबाई हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम. त्यांनी दाजिबांच्या तोंडात मुंगळ्यांचा लाडू घातला. दाजिबांनी तो चघळत चहूकडे बघितलं.

"घरी आलो आपण?"

"आलो."

"सहल झाली?"

"झाली."

दाजिबांनी लाडू गिळला. मग म्हणाले, "अगं, मघाशी झोपेत मला थोडंथोडं ऐकू येत होतं. तू साळूबाईंना सांगत होतीस ते. अस्वलांकडचा पाहुणचार. शालू नेसलेला डोंगर. पाण्यावरून चालणं. हे सगळं आपण केलं?"

सगुणाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. आज सकाळीच त्या एकदा खरं बोलल्या होत्या. त्याचं काय झालं, तेही त्यांनी बघितलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

"तुम्ही होतात की शेजारीच," त्या म्हणाल्या.

"मग मला एकही गोष्ट आठवत कशी नाही?" दाजिबा चुकचुकले. खूप हळहळले. शेपटी दोनदा आपटली. मग त्यांच्या चेहऱ्यावर तो निर्धार आला, जो सहलीहून परतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच येतो. "ते काही नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं. त्या खेपेला डोळे उघडे ठेवून बघायचं. मी आत्ताच कोकीळशेठशी बोलून ठेवतो. येतेस ना?"

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या कातळाकडे. ऊन आता बरोबर मधोमध आलं होतं.

"तुम्ही या जाऊन," त्या म्हणाल्या. "गिधाडाला मी सांगून ठेवते, नीट परत आणा म्हणून."

दाजिबा ऐटीत कातळावरून उतरले. सगुणाबाईंनी त्यांच्या अर्ध्या जागेवर पाय पसरले, पोट टेकवलं आणि डोळे मिटले.

तात्पर्य : सहलीहून परत आल्यावर कधीही खरं बोलू नये. खरं बोललं, की लोक हळहळतात आणि आपली जागा पकडून बसतात. खोटं बोललं, की जळतात आणि ती सोडून जातात. मात्र बोलताना नवरा नीट झोपला आहे ना, एवढं आधी बघून घ्यावं.